साडेपाच इंचांची खुर्ची : सिडकोतल्या एका पाळणाघराचं प्रकरण

नवीन नाशिकमध्ये, म्हणजे सगळे ज्याला सिडकोच म्हणतात तिथे, एका रो-हाऊसच्या तळमजल्यावर हे पाळणाघर चालतं. सकाळी पावणेसातला पहिलं मूल येतं, कारण त्याच्या वडिलांची अंबड एमआयडीसीत फर्स्ट शिफ्ट असते आणि आईची सातपूरला. शेवटचं मूल संध्याकाळी सातच्या आसपास जातं. मुलं एकूण नऊ. एक दहा महिन्यांची, पाच सव्वा ते अडीच वर्षांची, दोघं तीन-सव्वातीनची आणि एक चार पूर्ण झालेला. सांभाळायला घरच्या ताई आणि मदतीला एक मावशी. नाव-पत्ता लिहू नका असं ताईंनी सांगितलंय, तेव्हा इथे त्या नुसत्या ताई.

बालवाडी आणि पाळणाघर चालवणाऱ्यांचं प्रशिक्षण हे माझं काम. त्या ओळखीतून ताईंनी दिवाळीनंतर मला एक कोटेशन पाठवलं. शाळांना सामान पुरवणाऱ्या एका विक्रेत्याचं, ३४ हजारांचं. अर्धगोल टेबल, दहा रंगीत प्लास्टिकच्या खुर्च्या, चार हाय-चेअर आणि दोन वॉकर. ताईंच्या हाताशी २५ हजार होते, बाकीचे हप्त्याने द्यायची तयारी होती. प्रश्न एकच होता : "जेवताना मुलं एका जागी बसतच नाहीत हो. हे घेतलं तर बसतील का?"

म्हणून मी जेवणाच्या वेळेलाच गेले.

साडेअकराला वरण-भात. दोघं सोफ्यावर, एक ताईंच्या मुलाच्या जुन्या अभ्यासाच्या खुर्चीवर, दोघं विक्रेत्याने नमुना म्हणून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, बाकीची सतरंजीवर. त्या प्लास्टिकच्या खुर्चीवरच्या पावणेदोन वर्षांच्या पोराकडे मी बघत बसले. बैठक १२ इंच उंच, याचे पाय अधांतरी. पहिला घास नीट गेला. मग त्याने एक पाय मांडीखाली घेतला. मग दुसरा. मग गुडघ्यांवर उभा राहिला, टेबलावर पोट टेकवलं, वाटी सरकली. मावशींनी त्याला पुन्हा खाली बसवलं. दोन घासांनी तेच. याला सगळे चुळबुळ म्हणत होते. पण पाय टेकायला काही नसेल तर लहान मूल पोट-पाठ आवळून आणि एका हाताने कड धरून तोल सांभाळतं, आणि घासासाठी मोकळा हात उरत नाही. त्यामुळे ते पाय टेकवायची जागा शोधत राहतं. सतरंजीवर बसलेल्यांपैकी एकही तेवढ्या वेळात उठलं नव्हतं, हे मी ताईंना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "खाली बसलेली तर कायमच जेवतात. पण पालकांना खुर्च्या हव्यात ना."

हे खरं आहे, आणि यात पालकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. दुपारी व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो जातो. रंगीत टेबलाभोवती ओळीने बसलेली मुलं दिसली की आईचा जीव भांड्यात पडतो, सतरंजीवरची दिसली की "अजून फर्निचर नाही का घेतलं?" असा मेसेज येतो. पाळणाघरातलं बरंचसं फर्निचर फोटोसाठी घेतलं जातं, असं माझं स्पष्ट मत झालंय.

आधी हॉलचा हिशेब

हॉल दहा बाय सोळा, म्हणजे १६० चौरस फूट. सोफा, लोखंडी कपाट, काचेचा टीपॉय आणि टीव्हीचं टेबल मिळून ३५ च्या आसपास जागा खात होते. उरले १२५. विक्रेत्याचं टेबल, दहा खुर्च्या आणि चार हाय-चेअर मांडल्या असत्या तर आणखी ५० गेले असते. एकेक हाय-चेअर पाय फाकवून अडीच बाय अडीच फूट अडवते, हे दुकानात लक्षात येत नाही. नऊ मुलांना ७५ चौरस फूट, म्हणजे माणशी आठच्या जरा वर.

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची झाली. त्यापाठोपाठ २०१८ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत दर मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा सांगितली आहे. घरगुती पाळणाघरावर त्यांची सक्ती नाही, पण अंदाजाला ती बरी पडतात. नऊ गुणिले बारा, १०८. म्हणजे नव्या सामानाला या हॉलमध्ये फार तर १५-१७ चौरस फूट मिळतात, आणि त्याहून जास्त हवे असतील तर जुन्यातलं काहीतरी बाहेर जायला हवं.

सोफा वरच्या मजल्यावर गेला, टीपॉय ताईंच्या बहिणीकडे. टीव्ही भिंतीवर चढला आणि त्याचं टेबलही वर गेलं. या सगळ्याला दोन हमालांची मजुरी सोडून पैसा लागला नाही, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी सुधारणा तीच.

रद्दीवर बसवून मोजमाप

खुर्ची वयावर घ्यायची नसते, पोटरीवर घ्यायची असते. गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून टाचेपर्यंत जेवढी उंची, तेवढी बैठक. विक्रेत्याच्या कॅटलॉगात '२ ते ५ वर्षं' असं लिहिलं होतं. दोन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या मुलाच्या पोटरीत तीन-चार इंचांचा फरक असतो. एकच खुर्ची दोघांना बसेल कशी?

उभ्या मुलाच्या पायाला टेप लावायला गेलं की ते पळतं. म्हणून रद्दी काढली. देशदूत, गावकरी, जे होतं ते सगळं. गठ्ठे रचायचे, वर एक पाट ठेवायचा, मुलाला अनवाणी बसवायचं आणि हातात बिस्किट द्यायचं. टाच उचललेली दिसली तर चार अंक काढायचे, गुडघा वर आला तर चार घालायचे. दोन्ही तळवे सपाट टेकले आणि गुडघ्यात काटकोन झाला की मूल उतरवून गठ्ठ्याची उंची मोजायची. मुलांना हा खेळच वाटला, चार वर्षांचा तर परत परत रांगेत येत होता. पाच मधल्यांची मापं आली साडेपाच, सहा, सव्वासहा आणि दोघांची आठ. तीन मोठ्यांची साडेआठ, नऊ आणि सव्वादहा. बारा इंच एकाचंही नव्हतं. ती उंची पाच-सहा वर्षांच्या मुलाची, म्हणजे पहिलीच्या उंबरठ्यावरच्या.

दहा महिन्यांची मोजलीच नाही. ती नुकती आधाराविना बसायला लागलेली. तिला सध्या जमीन, किंवा मांडी.

मापात बसत नसेल तर खुर्ची थोडी बुटकी चालते, उंच चालत नाही, हा पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया होता. बुटक्या खुर्चीत गुडघे जरा वर येतात, तेवढंच. उंच खुर्चीत पाय सुटतात. त्यामुळे नऊ मुलांसाठी नऊ मापं न करता दोनच ठरवली, साडेपाच आणि आठ. सव्वादहावालाही आठ इंचांवर मजेत बसतो.

टेबलाचं गणित याच्याच पोटातलं. मूल बसलं की खांदे न उचलता कोपर टेकलं पाहिजे. या वयात ते बैठकीच्या वर साधारण सहा-सात इंचांवर येतं. म्हणजे साडेपाचला १२ इंचांचं टेबल, आठला १५. विक्रेत्याचं टेबल २१ इंच होतं. त्याच्या मागे बसून दीड वर्षाच्या मुलीची हनुवटी ताटाला लागली असती.

हाय-चेअर आणि ताईंचे हात

हाय-चेअर वाईट नाही. एका घरात एक मूल, समोर आई, पाच पट्ट्यांचा बेल्ट आणि पायांमधली पट्टी लावलेली असेल, खाली पाय टेकवायला फळी असेल, तर ती छान चालते. पायांमधली पट्टी महत्त्वाची, ती नसली की मूल ट्रेखालून घसरतं आणि मान अडकते.

पाळणाघरात हिशेब बदलतो. चार हाय-चेअर, तीन वेळा खाणं, प्रत्येक वेळी चढवणं आणि उतरवणं. दिवसाला २४ वेळा दहा-बारा किलोचं मूल कमरेच्या वर उचलायचं. ताईंची पाठ आधीच दुखरी. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एका मुलाला बेल्ट लावत असताना दोन्ही हात आणि डोळे तिथेच अडकतात, आणि त्याच वेळी दुसरं कुणीतरी बाथरूमच्या दाराशी पोचलेलं असतं. नऊ मुलांमागे मोठ्यांचे हात चारच. ज्या आसनात मुलाला मोठ्यांनी बसवावं लागतं ते आसन हे हात वापरतं. ज्यात मूल आपलं आपण बसतं आणि उठतं ते हात मोकळे ठेवतं. मी फर्निचरकडे याच नजरेने बघते. रंग, आकार, 'शैक्षणिक' हा शिक्का, हे सगळं त्यानंतर.

मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालघर उघडलं तेव्हा मुलांच्या मापाच्या, त्यांना स्वतः उचलता येतील इतक्या हलक्या खुर्च्या करून घेतल्या होत्या. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, बोर्डीला १९४५ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे कोसबाडला गेलेल्या केंद्रात, गावात जे मिळेल त्यातून बालवाडी उभी केली. त्या परंपरेतल्या माणसाला पाट आणि चौरंग हे फर्निचर आहे हे सांगावं लागत नाही. ताईंकडे सत्यनारायणाचे दोन चौरंग माळ्यावर होते. ते खाली आले आणि मोठ्या तिघांची मांडी घालून जेवायची सोय फुकटात झाली. ताईंच्या सासूबाई मात्र जरा कुरकुरल्या. पूजेचे चौरंग उष्टे कसे करायचे? शेवटी एक पूजेला राखून ठेवला, दुसरा मुलांना दिला.

मिस्त्रींचा नमुना

हलकी खुर्ची मूल उचलतं, पण हलकी खुर्ची उलटतेही. उठताना दोन्ही हात पाठीवर टाकून जोर देणारं मूल अर्ध्या किलोची प्लास्टिकची खुर्ची सहज मागे पाडतं. प्लास्टिकची दुसरी खोड म्हणजे पायाखालचे रबरी बुश. ते निघतात, आणि तोंडात जाण्याच्या मापाचेच असतात. तीन वर्षांखालच्या मुलांत ती जोखीम घ्यायची नाही.

म्हणून डब्याची खुर्ची ठरवली : दोन बाजू, एक पाठ, मधे बैठक, समोरून उघडी. सरळ ठेवली की एक उंची, उलटी केली की दुसरी. पाय नाहीत, त्यामुळे पाय घसरणं नाही, आणि बोट अडकेल अशी फट नाही. पाथर्डी फाट्याजवळच्या एका मिस्त्रींना बोलावलं. कागदावरचं चित्र बघून ते हसले. "ताई, एवढ्या बुटक्या? हे तर पाटाला पाय फुटल्यासारखं दिसेल."

"मिस्त्री, पोरंही तेवढीच आहेत," ताई म्हणाल्या.

साडेपाच आणि आठ, बेरीज साडेतेरा. मिस्त्रींनी साडेतेरा इंच उंचीचा डबा केला, खालून साडेपाचवर बैठक मारली. सरळ ठेवून मोजली, बरोबर साडेपाच. उलटी करून मोजली तर साडेआठ. पुन्हा मोजली, साडेआठच. टेप बदलून पाहिली. मग त्यांच्या हाताखालचा पोरगा म्हणाला, "दादा, प्लायची जाडी." बारा एमएमचा प्लाय म्हणजे जवळपास अर्धा इंच. उलटी केल्यावर बैठकीची खालची बाजू वर येते, आणि ती जमिनीपासून पाचवर असते, साडेपाचवर नाही. वरच्या कडेने अर्धा इंच कापला, डबा तेरा इंचांचा झाला, उलटी उंची आठ आली. कुणी अशी खुर्ची करून घेणार असेल तर हे आधीच सांगा. अर्ध्या इंचाने काय होतं असं मिस्त्री म्हणतील, पण आठच्या पोटरीला साडेआठची बैठक दिली की टाच उचललीच समजा.

आणखी दोन गोष्टी नमुन्यावरच कळल्या. पाठीची फळी अगदी मागच्या कडेला न लावता साडेतीन इंच आत घेतली. त्यामुळे मूल मागे रेललं तरी डब्याचा मागचा भाग जमिनीवर टेकलेला राहतो आणि खुर्ची उलटत नाही. दुसरी गोष्ट जरा अडचणीची. साडेपाचच्या बाजूला डब्याच्या कडा १३ इंच आणि टेबल १२, म्हणजे खुर्ची टेबलाखाली जात नाही, कडेला टेकते. बैठक खोल असेल तर मुलाचं पोट आणि टेबल यांच्यात चांगलं अंतर राहतं आणि सगळा भात तिथेच पडतो. म्हणून बैठकीची खोली सातच इंच ठेवली. दीड वर्षाच्या मुलाला तेवढी पुरते, आणि दोन बोटांपेक्षा जास्त फट राहत नाही. आठच्या बाजूला हा प्रश्नच नाही, १५ इंचांच्या टेबलाखाली कडा आरामात सरकतात.

खुर्चीचं वजन अडीच किलोच्या आसपास भरलं. दोन वर्षांचं मूल ती ढकलत नेतं, फेकू शकत नाही. मला हवं होतं तेच.

प्लाय सातशे दहाचा घेतला. म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा, पाण्यात टिकणारा मरीन ग्रेड. मिस्त्रींचा आग्रह साध्या एमआर (फक्त दमटपणा सोसणाऱ्या) प्लायचा होता, कारण तो बराच स्वस्त. एरवी मी स्वस्ताच्या बाजूने असते, पण पाळणाघरात दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने फरशी पुसली जाते आणि डब्याची खालची कड थेट फरशीवर बसते. नाशिकच्या जुलै-ऑगस्टमध्ये एमआर प्लायची कड फुगून उकलली असती. पार्टिकल बोर्डचा, म्हणजे भुसा आणि गोंद दाबून केलेल्या फळीचा, विचारही केला नाही. स्वस्त बोर्डाला येणारा तो झोंबरा वास गोंदातल्या फॉर्मल्डिहाइडचा असतो, आणि बंद खोलीत नऊ मुलं दिवसभर तो श्वासात घेणार. एमडीएफ किंवा बोर्ड घ्यायचाच असेल तर ई-वन किंवा ई-झिरो ग्रेड (म्हणजे कमी फॉर्मल्डिहाइड सोडणारा) लिहिलेला मागावा.

कोपऱ्यांना पाच रुपयांच्या नाण्याएवढी गोलाई दिली, कडा पॉलिश पेपरने घासल्या. मग रंगाची वेळ आली. मिस्त्रींनी गाडीतून लाल ऑइल पेंटचा अर्धा डबा काढला, "उरलाय, पैसे नका देऊ." ताई खूश झाल्या. मी डबा फिरवून बघितला. २०१५ चा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात ९० भागांच्या, वर नको हा नियम २०१६ चा, आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या डब्यात काय आहे ते त्या डब्यालाच ठाऊक. दात येत असलेलं मूल खुर्चीची कड चावतंच. लाल डबा गाडीत परत गेला. पाण्यात मिसळणाऱ्या पारदर्शक पीयू पॉलिशचे दोन हात मारले, आणि वास पूर्ण जाईपर्यंत खुर्च्या गॅलरीत राहिल्या. फोटोत त्या रंगीत दिसत नाहीत, ही तक्रार एका पालकाने केली. बरोबर आहे, नाहीच दिसत.

दोन पंगती

नऊ मुलांना सहाच खुर्च्या केल्या. आधी ताईंना हे पटेना. पण नऊ जणांना एकदम जेवायला बसवायचा नियम कुणी केलाय? आपल्याकडे कार्याला पंगती उठतातच. साडेअकराला लहान पाच बसतात. तिघं साडेपाचच्या बाजूवर १२ च्या टेबलाशी, दोघं आठच्या बाजूवर १५ च्या टेबलाशी. मोठी तिघं तेवढ्या वेळात मावशींबरोबर वाट्या मांडतात, पाणी ठेवतात. बाराला त्यांची पंगत चौरंगाशी, खाली बसून. दहा महिन्यांची चटईवर, समोर पाटावर वाटी. ती हाताने खाते, अंगाला जास्त लावते.

खाली बसायचं तर फरशीचा विचार हवाच. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो आणि सकाळी सातला विट्रिफाइड टाइल्स बर्फासारख्या होतात. विक्रेत्याकडे कोड्यासारखे जुळणारे रंगीत फोमचे तुकडे होते. ते घेतले नाहीत. त्यांचे दातेरी कोपरे मुलं चावून तोडतात आणि तुकडा घशात जाऊ शकतो. अखंड, जाड, पुसता येईल अशी एकच मोठी मॅट घेतली आणि जेवणाच्या जागी तिच्यावर सतरंजी.

वॉकरचा किस्सा थोडक्यात. दहा महिन्यांच्या मुलीच्या आजींचा आग्रह होता, "वॉकरमध्ये ठेवा, लवकर चालेल." वॉकरने मूल लवकर चालत नाही, उलट काही मुलं उशिरा चालायला लागतात. शिवाय या घरात हॉलमधून स्वयंपाकघरात जायला एक पायरी उतार आहे. वॉकरमधलं मूल क्षणात पोचतं आणि तिथे गॅस आहे. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी आणली ती अशाच पडण्याच्या अपघातांमुळे. ताईंनी आजींना नाही म्हणायचं टाळून विचारलं, "आजी, तुमच्याकडे पांगुळगाडा होता का हो?" होता, आणि अजून सिन्नरच्या घरी आहे. पांगुळगाड्यात मूल आत लटकत नाही, मागे उभं राहून स्वतःच्या पायांवर ढकलतं. तो आला, मिस्त्रींनी त्याची चाकं घट्ट करून दिली. मुलगी आधार धरून उभी राहायला लागली की वापरायचा, तेही मॅटवर आणि कुणीतरी शेजारी असताना.

लोखंडी कपाट हलवायला जागा नव्हती. ते भिंतीला बांधलं. मूल खालचा खण उघडून त्यावर पाय देतं, वजन पुढे येतं आणि कपाट अंगावर येतं. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. २०१६ मध्ये आयकियाने अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत बोलावली ती मुलांच्या अशाच मृत्यूंनंतर. उपाय दोनशे रुपयांचा आहे. वर दोन एल पट्ट्या, गिट्टी (भिंतीत स्क्रू पकडणारा प्लग) आणि स्क्रू. फक्त गिट्टी प्लास्टरमध्ये बसून चालत नाही, विटेपर्यंत गेली पाहिजे. इथे पहिलं भोक पाडलं तेव्हा नुसती वाळू गळाली, म्हणून मिस्त्रींनी लांब फास्टनर आणले. खेळण्यांसाठी उरलेल्या प्लायचा दोन कप्प्यांचा उघडा रॅक केला, मुलांच्या कमरेएवढा. झाकणाची पेटी नको, झाकण बोटांवर पडतं.

पावसाळ्यापर्यंतचं

डिसेंबरमध्ये हे सगळं बसलं. ऑगस्टमध्ये मी परत गेले तेव्हा खालच्या कडा शाबूत होत्या, फक्त एका खुर्चीचं पॉलिश उडालं होतं, कारण ती कुणीतरी रात्रभर गॅलरीत विसरलं होतं. जेवण पूर्वी पाऊण तास चालायचं, आता पहिली पंगत वीस-पंचवीस मिनिटांत उठते. सगळं श्रेय खुर्चीचं नाही. पाच मुलांकडे एकदम बघणं नऊंपेक्षा सोपं असतं.

जे जमलं नाही तेही आहे. डब्याच्या खुर्च्या दुपारनंतर आगगाडी होतात. सहा डबे ओळीने, इंजिन म्हणून चार वर्षांचा. टाइल्सवर त्यांचा जो घर्रर्र आवाज होतो त्याने झोपलेली लहानगी उठतात. मावशींनी तळाला जुन्या जीन्सच्या पट्ट्या चिकटवून पाहिल्या, पुसताना त्या निघाल्या. सध्या दुपारी खुर्च्या स्वयंपाकघरात जातात. १५ इंचांचं टेबल अडीच वर्षांच्या दोघांना चढायला नेमक्या उंचीचं आहे, आणि ते चढतात. टेबल रुंद पायांचं असल्याने पडत नाही, पण जेवण झालं की ते भिंतीला उभं करून कडी लावायची सवय ताईंना लावून घ्यावी लागली.

एक मुलगा, सव्वादोन वर्षांचा, खुर्ची मापात असूनही पुढे घसरत होता. पाठ गोल, मान पुढे, जमिनीवर बसला तरी पाय मागे टाकून इंग्रजी डब्ल्यूसारखा. अनेक मुलं अधूनमधून तशी बसतात, हा नेहमीच तसा बसायचा आणि लवकर थकायचा. ताईंनी पाठीमागे टॉवेलची गुंडाळी देऊन पाहिली. मी म्हटलं, टॉवेल राहू द्या, पण आईवडिलांशी बोला. मापाच्या खुर्चीत जे मूल बसू शकत नाही त्याच्यासाठी वेगळी खुर्ची शोधत बसण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. त्यांनी दाखवलं, आता त्याची फिजिओथेरपी चालू आहे.

खर्चाचा तपशील ताईंनी वहीत लिहिलाय तो असा. बारा एमएमचा एक शीट ३,२०० आणि अठरा एमएमचा एक ४,६००. पहिल्यातून सहा खुर्च्या आणि उरलेल्यात रॅकचे कप्पे, दुसऱ्यातून दोन्ही टेबलं आणि रॅकच्या बाजू. पीयू, फेविकॉल, पॉलिश पेपर आणि किरकोळ मिळून ३,०००. मजुरी ६,५००. एल पट्ट्या, फास्टनर ४००. मॅट आणि सतरंजी ३,६००. एकूण २१,३००.

उरलेल्या ३,७०० मध्ये जिन्याच्या तोंडाला लोखंडी फाटक करायचंय. उभे गज, त्यांच्यातली फट अडीच इंचांच्या आत, मधे आडवी पट्टी नको कारण तिची पायरी होते, कडी पलीकडच्या अंगाला, आणि फाटक भिंतीत स्क्रूने बसलेलं, दाबून अडकवलेलं नको. फॅब्रिकेटर साडेचार हजार म्हणतोय. ताई तीन हजार सातशेच्या वर एक रुपया द्यायला तयार नाहीत, आणि त्याचं मूल येत्या जूनपासून याच पाळणाघरात येणार आहे हे त्या त्याला अजून दोनदा तरी आठवण करून देणार आहेत.